ओतिलियाचं नाक

ग्रोशेर, ३ जून १९९८

बेनिता,

तुझं पत्र शनिवारच्या बोटीनं आलं. पिठाच्या हातांनीच फोडलं, वाचत बसले आणि भट्टीतले पाव करपले. त्याचं पाप तुझ्या माथी.

म्हणजे सापडलं एकदाचं. एकशेनऊ वर्षं हे सगळं बेट त्या पाण्याकडे बघत कॉफी पितंय, आणि आजोबांचं जहाज खाली अठ्ठ्याहत्तर मीटरवर सरळ उभं आहे, जसं काही धक्क्याला लागलंय. तुझ्या त्या फिनिश पाणबुड्या ओस्मोला माझ्याकडून शाबासकी दे. त्याला आपलं स्वीडिश कळत नसलं तरी दे.

आता कामाचं. मला आजीचा चेहरा हवा आहे. तुझा बाप कुठलीही गोष्ट अर्धीच सांगायचा, म्हणून पुन्हा लिहिते. इसिडोर आजोबांनी १८८२ साली जहाज बांधलं, त्याला बायकोचं नाव दिलं ‘ओतिलिया’, आणि नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, जी लाकडी बाई बसवली तिला बायकोचाच चेहरा कोरून घेतला. १८८९च्या नोव्हेंबरात स्पेनच्या काडीझहून मीठ घेऊन येताना ते खडकाला लागून बुडालं. माणसं सगळी वल्हवत घरी आली. पण आजोबा त्यानंतर वीस वर्षं जगले ते त्या चेहऱ्यासाठी हळहळतच. असं प्रेम आता कुठं राहिलंय?

वर काही आणायला कायद्यानं बंदी आहे, ठाऊक आहे. फोटोला नाही ना? पंधरा ऑगस्टला चर्चचा वर्धापनदिन. त्या दिवशी तो फोटो मला माझ्या संग्रहालयात लावायचाय, आजोबांची टोपी आणि दुर्बीण यांच्या मधोमध. बावीस वर्षं त्या खोलीची धूळ मीच पुसतेय. पाद्रीबुवांच्या कानावर जरासं घातलंय. जास्त नाही.

एकच गोष्ट खटकली. सगळ्या समुद्रात तुला बोट मिळाली ती बिरगरची? एल्फ्रिडाच्या मुलाची? त्या नॉर्डगोर्ड घरातल्या लोकांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बोटीची शेड उभारून माझा समुद्र झाकला, त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी एल्फ्रिडाशी एक शब्द बोललेले नाही. आता पत्रंही बिरगरच्याच हातानं येणार-जाणार म्हणतेस, तर पाकीट नीट चिकटवत जा. फोन नकोच करू. हल्ली फोनवर माणसाचं बोलणं माझ्या कानात लापशीसारखं येतं.

गुनबॉर्ग आत्या


चोकार, १५ जून

प्रिय आत्या,

काल मी ओतिलिया पणजीच्या जहाजावर जाऊन आले.

जायला चार मिनिटं लागतात. वर पाणी बारा अंश, खाली चार. तीस मीटरच्या पुढं उजेड संपतो, मग हातातल्या दिव्यात मावेल तेवढंच जग. खाली फक्त पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग दोराला धरून, टप्प्याटप्प्यावर थांबत, वर यायला जवळजवळ दोन तास. शाळेत कोपऱ्यात उभं केल्यासारखं लटकायचं. घाई केली की रक्तात बुडबुडे होतात, म्हणून घाई करायची नाही. तू काळजी करू नकोस. मी घाई करणाऱ्यातली नाही, हे तूच नेहमी सांगतेस.

लाकडाला किड्यानं हात लावलेला नाही. स्वयंपाकाच्या खोलीत कॉफीची किटली अजून चुलीवर आहे. आणि नाळेवर ती आहे. एक हात छातीवर, वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, डोळे सताड उघडे. मी दिवा तिच्या तोंडावर धरला आणि माझ्या श्वासाच्या नळीतून असा काही आवाज निघाला की ओस्मो धावत आला, म्हणजे पाण्यात जेवढं धावता येतं तेवढं. मी हातानं खूण केली, ठीक आहे.

फोटो मात्र आले नाहीत. फ्लॅशनं दगा दिला.

बरं, सहज विचारते. संग्रहालयात पणजीचं ते रंगीत चित्र आहे, ते तिला समोर बसवून काढलेलं का? म्हणजे नाक वगैरे खरं आहे?

बेनिता


ग्रोशेर, १९ जून

बेनिता,

नाक? चित्र आजीच्या पंचविसाव्या वर्षी मारियेहाम्नहून चित्रकार बोलावून काढलंय. नाक वाटाण्याएवढं. माझंही तसंच, तुझ्या बापाचं तसंच होतं, आणि आरसा असेल तर स्वतःचंही बघ. आपल्या घराण्यात नाकावरून कधी चर्चा झालेली नाही. तू का विचारतेस? लाकडी नाकाचा टवका उडालाय का? उडाला असेल तर तसं सांग, बाजूनं फोटो काढता येईल.

आता थोडं स्पष्ट सांगते. पाद्रीबुवांनी बिशपसाहेबांना कळवलं, आणि बिशपसाहेब येतो म्हणाले. वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या. चौकट मी सुताराकडून करून घेतली आहे, दीड मीटर उंच. ती मागच्या दारातून आत येत नाही म्हणून दार काढलं. एल्फ्रिडालाही पाद्रीबुवांमार्फत निरोप दिलाय की तिची खुर्ची पहिल्या रांगेत. तिनं बसावं आणि बघावं.

तेव्हा फ्लॅश दुरुस्त कर. समोरून, स्पष्ट, अख्खा चेहरा.

आत्या


चोकार, २४ जून

प्रिय आत्या,

सोबत फोटो. प्रवाह जोराचा होता, त्यामुळं जरा मागून आलाय. पण वेणीचं काम किती बारीक आहे बघ. तुझ्या बिशपसाहेबांना वेणीही आवडेल.

२९ तारखेला वारा पडला तर आणखी एकदा जाऊ.

बेनिता


ग्रोशेर, २७ जून

बेनिता,

बिशपसाहेब पाच तासांची बोट करून एका लाकडी बाईची मानगूट बघायला येणार नाहीत.

काहीतरी लपवतेयस तू. आणि ते बिरगरला ठाऊक आहे. त्या माणसाला पंचेचाळीस वर्षांत मी हसताना पाहिलेलं नाही. काल धक्क्यावर त्यानं तुझं पाकीट माझ्या हातात दिलं आणि पाठ करून उभा राहिला, तर त्याचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं त्याला काहीतरी झालं.

मी विचार केला आणि मला कळलं. ती उघडीवाघडी आहे ना? दर्यावर्दी लोक तसल्या बाया कोरून घेत, मी पुस्तकात पाहिलंय. आजोबांकडून अशी अपेक्षा नव्हती, पण माणूस आठ-आठ महिने घराबाहेर असायचा, समजून घेऊ. मी पाद्रीबुवांशी आडून आडून बोलले. गळ्याखाली निळं कापड लावता येईल, कलात्मक दिसेल. तू फक्त चेहरा आण. समोरून.

आत्या


चोकार, ६ जुलै

प्रिय आत्या,

ती गळ्यापर्यंत व्यवस्थित बटणं लावून बसली आहे. निळं कापड पडद्यांना वापर.

इकडे वारा वाईट आहे, पाण्यात उतरणं झालं नाही. मला थोडी सर्दी झाली आहे. बिरगरची बोट दुरुस्तीला गेल्यामुळं हे पत्र पोस्टानं येईल. काही दिवस पत्र नाही आलं तर काळजी करू नकोस.

बेनिता


ग्रोशेर, ९ जुलै

बेनिता,

चोकारच्या पत्रावर ओबूचा शिक्का कधीपासून मारायला लागले?

मी शिक्का बघतच होते, तेवढ्यात बिरगर आला. थेट स्वयंपाकघरात. एकोणीस वर्षांत नॉर्डगोर्डचं पाऊल माझ्या उंबऱ्याच्या आत पडलं नव्हतं. टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला की बेनितानं सांगू नको म्हणून बजावलंय, पण त्याच्या आईनं सांगितलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग, ती तिची आत्या आहे.

मग त्यानं सांगितलं. तू लवकर वर आलीस. डेकवर बसून कॉफी मागितलीस, आणि कप हातात घेऊन म्हणालीस की डावा पाय कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटतोय. मग हेलिकॉप्टर. मग ओबूचं इस्पितळ आणि ती दाबाची लोखंडी खोली. मी त्याला विचारलं, चालते का ती? तो म्हणाला, अजून नाही.

सर्दी म्हणे.

मी तिकडे निघणार होते. डॉक्टरांना पाद्रीबुवांकरवी फोन लावला, ते म्हणाले दिवसाचा अर्धा वेळ ती त्या खोलीत बंद असते, येऊन काय कराल? तेव्हा थांबले. पण आता खरं लिही. सगळं.

आत्या


ओबू, १३ जुलै

आत्या,

सगळं लिहिते.

पंधरा मिनिटं ठरली होती, मी एकोणीस राहिले. तुला हवा तसा फोटो मिळेना. समोरून काढला, डावीकडून काढला, उजवीकडून काढला. शेवटी नाळेखाली आडवी होऊन वर बघत काढला, की निदान तिथून तरी ते लहान दिसेल. त्या धडपडीत एका जुन्या खिळ्यानं माझ्या पोशाखाची बाही मनगटाशी फाटली. चार अंशांचं पाणी हळूहळू खांद्यापर्यंत चढलं. वर येताना मी इतकी कुडकुडत होते की नळी तोंडात राहीना. ओस्मोनं अर्धा तास ती माझ्या ओठांवर हातानं दाबून धरली. शेवटच्या टप्प्यावर अजून चाळीस मिनिटं थांबायचं होतं. नाही जमलं.

पाय परत येतोय. काल अंगठा हलला. नर्सनं टाळ्या वाजवल्या, मला जरा लाज वाटली.

आता सोबतचं पाकीट उघड. आधी खुर्चीवर बस.

बघितलंस नाक? मधला उंचवटा, आणि शेंडा डावीकडं वळलेला. मी पहिल्यांदा दिवा धरला तेव्हा मला वाटलं, एल्फ्रिडामावशी इथं काय करतायत? तुला मी कसं सांगणार होते? तू दार काढून चौकट आत आणली होतीस.

बिरगरनं ते ओस्मोच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. बराच वेळ स्वतःचं नाक चाचपत राहिला, मग केबिनमध्ये जाऊन हसला.

फोटो फाडून टाकलास तरी माझी हरकत नाही.

बेनिता


ग्रोशेर, २० जुलै

बेनिता,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा पायाचं वाचलं, दुसऱ्यांदाही पायाचंच. फोटो त्यानंतर पाहिला.

‘समोरून, स्पष्ट’ हे मी लिहिलं होतं. माझ्या चौकटीपायी तू चार मिनिटं जास्त थांबलीस. हे मी एकदा लिहिते, पुन्हा लिहिणार नाही, कारण तू लगेच ‘तसं नाही गं’ म्हणशील, आणि ते तसंच आहे.

आता नाकाचं. मी तुझ्याशी खोटं बोलत नाही, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की हा फोटो चुलीत घालावा. दुसरं आलं ते आजोबांबद्दल, आणि ते मी कागदावर लिहीत नाही. वीस वर्षं हळहळले ते नेमके कुणासाठी? ते नाक म्हणजे नॉर्डगोर्डची म्हातारी जोसेफिना, एल्फ्रिडाची आजी. मी शाळेत असताना ती जिवंत होती. धुक्यात ती कोणत्या दिशेनं येतेय हे तिच्या नाकावरून कळायचं.

तिसरं मनात आलं की बिरगरनं आईला सांगितलंच असणार. मग ती मला दिवाणखान्यात बसून हसत असणार. तेव्हा मी फोटो कोटाच्या खिशात घातला आणि नॉर्डगोर्डला गेले. भांडायलाच गेले, तुला खरं सांगते. वाटेत चार वाक्यं जुळवली होती.

एल्फ्रिडा बटाटे सोलत होती. बिरगरनं तिला नाकाचं काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या पोराची जीभ नक्की कुठल्या बाजूची म्हणायची? मी फोटो तिच्यासमोर सालींवरच टाकला आणि म्हटलं, तुझ्या घरचं माझ्या आजोबांच्या जहाजावर काय करतंय ते सांग.

तिनं हात पुसले. चष्मा लावला. मी हसण्याची वाट बघत उभी होते. ती हसली नाही. बोट त्या चेहऱ्यावरून फिरवलं, कपाळावरून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाली, “गुनबॉर्ग, माझी आई अशी दिसायची का?”

तुला ठाऊक नसेल. एल्फ्रिडा तीन वर्षांची असताना तिची आई गेली. मग दोन वर्षांनी त्यांचं घर जळालं, त्यात एकुलता एक फोटो गेला. बेटावरची जुनी माणसं सांगायची की तिची आई म्हणजे तरुणपणची जोसेफिनाच. पण एल्फ्रिडानं जोसेफिना पाहिली ती सुरकुत्यांची, दात नसलेली. तरुण कुणी पाहिली होती?

माझी चारही वाक्यं कुठं गेली कोण जाणे. मी तिच्यासमोर बसले आणि उरलेले बटाटे सोलले.

मग ती बोलायला लागली. जोसेफिना एकोणिसाव्या वर्षी आपल्याच घरी मोलकरीण होती. कोरणारा कारागीर राउमाहून आला तेव्हा ओतिलिया आजीला दिवस गेलेले, सकाळपासून ओकाऱ्या. त्यात परक्या पुरुषासमोर तासन्‌तास मान वर करून बसायचं, तिला ते अपमानाचं वाटलं. तिनं मोलकरणीला बसवलं आणि कारागिराला सांगितलं, नाक तेवढं लहान कर. त्या बाबानं दिसलं तसं कोरलं. जोसेफिना म्हातारपणी म्हणायची, मी सात वर्षं समुद्रावर होते, काडीझ पाहिलं, इंग्लंडातलं हल पाहिलं, पाय ओला न करता. घरच्यांना वाटायचं म्हातारीचं डोकं फिरलंय.

मी म्हटलं, मग आजोबा हळहळायचे ते?

एल्फ्रिडा म्हणाली, “चांगलं ओकचं लाकूड होतं, त्याचं वाईट वाटत असेल.” आणि मग ती हसली. इतकी हसली की पाणी आणून द्यावं लागलं.

पाय हलवत राहा. रोज.

आत्या


ओबू, १ ऑगस्ट

प्रिय आत्या,

मी काठी घेऊन इस्पितळाच्या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. आज जिनाही चढले, सहा पायऱ्या.

डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं, खोल पाण्यात पुन्हा नाही. या वर्षी नाही असं नव्हे, कधीच नाही. मी मान हलवली, धन्यवाद म्हणाले, खोलीत आले आणि तासभर भिंतीकडे बघत बसले. तुला वाटेल सुटले. पण चौदा वर्षं मी हे केलंय. त्या काळोखात दिवा फिरवला आणि समोर कुणीतरी डोळे उघडे ठेवून बसलेलं दिसलं, असं पुन्हा माझ्या आयुष्यात व्हायचं नाही.

असो. तुझ्या पंधरा तारखेचं काय? मी एक युक्ती काढली आहे. फोटो धुताना खराब झाला असं सांग आणि चौकटीत वेणीवाला लाव. किंवा बिशपसाहेबांना सांग, मला बरं नाही म्हणून सोहळा पुढं ढकलला. माझा पाय तुझ्या कामी येऊ दे.

बेनिता


ग्रोशेर, १७ ऑगस्ट

बेनिता,

तुझी युक्ती वाचली. लबाडीत तू अजून कच्ची आहेस, शिक्क्यावरून पकडली जाणारी.

सोहळा झाला. फोटो मी ओबूहूनच मोठा करून मागवला होता, समोरून काढलेला. चर्च सुटल्यावर साठ माणसं माझ्या त्या खोलीत कोंबली. बिशपसाहेब टोपीशेजारी उभे, एल्फ्रिडा पहिल्या रांगेत, काळ्या पोशाखात. आमचं आदल्या दिवशी काय ठरलं होतं ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक. पाद्रीबुवांनी ‘ओतिलिया, एका कप्तानाचं प्रेम’ असं काहीतरी वाचायला लिहून आणलं होतं. मी म्हटलं, आधी कापड काढू.

कापड पडलं. सगळे आधी फोटोकडे, मग एल्फ्रिडाकडे, मग पुन्हा फोटोकडे बघायला लागले. साठ माना वळल्याचा आवाज माझ्या कानांनाही ऐकू आला. पाद्रीबुवांनी कागद घडी करून खिशात घातला.

मग मी बोलले. म्हटलं, ही नॉर्डगोर्डची जोसेफिना, वय एकोणीस. माझ्या आजीला बसायचा कंटाळा होता म्हणून ही बसली. सात वर्षं आमच्या जहाजाच्या पुढं वारा हिनं खाल्ला आणि नाव आमच्या घरानं मिरवलं. हिला शोधायला माझी भाची बेनिता गेली आणि त्यात तिचा पाय दुखावला, तेव्हा हा फोटो बघताना कुणी हसणार असेल तर आधी बेनिताचं नाव घ्यावं आणि मग हसावं.

कुणी हसलं नाही. तेवढ्यात एल्फ्रिडा उठली, फोटोशेजारी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून बाजूनं वळली. मग जे सुरू झालं ते बिशपसाहेबांनाही आवरेना. त्यांनी डोळे पुसत तुझं नाव घेतलं, मी स्वतः ऐकलं.

छोटा फोटो एल्फ्रिडाच्या पलंगाशी आहे. त्याखाली तिनं आईचं नाव लिहिलंय, जोसेफिनाचं नाही.

पण आता नवीनच ताप झालाय. वेलचीचा केक आणि कॉफी संपायच्या आत तीन म्हातारे माझ्याकडे आले, प्रत्येकाची आजी म्हणे कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या नाळेवर होती. परवापासून रोज कुणीतरी येतंय. आत्तापर्यंत अकरा बायका झाल्या. एवढी जहाजं या बेटावर कधी बांधलीच गेली नाहीत. एकीचा नातू तर म्हणतो त्याची आजी दोन जहाजांवर होती. हे सगळं लिहून घ्यायला, त्यातलं खरं-खोटं निवडायला आणि लोकांना तोंडावर खोटारडे न म्हणता परत पाठवायला मला माणूस हवंय. यातलं तिसरं मला जमत नाही.

तू लिहिलंस की डोळे उघडे ठेवून बसलेलं कुणी पुन्हा दिसायचं नाही. एल्फ्रिडासमोर फोटो टाकला तेव्हा तू तिथं नव्हतीस. असतीस तर असं लिहिलं नसतंस.

आणखी एक. नॉर्डगोर्डच्या वाफेच्या सौनाच्या पायऱ्यांना बिरगरनं काल लाकडी कठडा लावला, दोन्ही बाजूंनी, गुळगुळीत तासून. कुणासाठी, ते तो बोलला नाही. त्यांच्या घरात लंगडतं कुणी नाही.

उत्तर लिहीत बसू नकोस. पत्राला दोन दिवस लागतात, बोटीला पाच तास.

गुनबॉर्ग आत्या